भट्टीचा डोळा

कुंभाराच्या आव्याला दार नसतं. खाली गोवऱ्या आणि पाचट, त्यावर एकमेकांच्या कुशीत रचलेली कच्ची मडकी, फटींमधून भाताचं तूस, वर खापऱ्या, त्यावर राख आणि ओल्या मातीचा लेप. मग खालून विस्तव दिला की कुंभाराचे हात मोकळे होतात आणि वाट पाहणं सुरू होतं. रात्रभर त्या ढिगातून धुराच्या बारीक शिरा वर जात राहतात, एखाद्या फटीत केशरी रेघ दिसते न दिसते, पहाटेच्या दवात राख निवते, आणि उजाडल्यावर उकरून जे बाहेर काढायचं ते केव्हाचंच होऊन गेलेलं असतं. मातीचं मडकं होण्याची घटका कुणाच्या डोळ्यांदेखत येत नाही. हजारो वर्षं ती अशीच पाठमोरी आली आणि गेली.

मला ती समोरून पाहायची होती.

माझी विजेची भट्टी आव्याहूनही घुमी आहे. दार लावलं, खटका दाबला, की काचेमागे फक्त आकडे चढत जातात. चारशे, सहाशे, नऊशे. दुसऱ्या दिवशी दार उघडावं तर आत शांत, गार, पुरी झालेली भांडी. आकडा खरा असतो, पण त्याला रंग नसतो, ऊब नसते, आणि ज्या मातीला मी आठवडाभर मळलेलं, चोळलेलं, ओल्या फडक्यात जपलेलं असतं, तिच्या सगळ्यात मोठ्या रात्री मी बाहेर उभी असते, हे मला दर वेळी लागायचं. कुठेतरी आत, खोलवर.

राकूची ओढ लागली ती त्यामुळे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्योतोमध्ये चोजिरो नावाच्या कारागिरानं, चहाचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्या मनातलं ओळखून, चाकाला हात न लावता नुसत्या बोटांनी आणि तळव्यांनी चहाचे वाडगे घडवले. काही लाल, काही काळे. तेच राकू. काळा वाडगा एकटाच भाजायचा. कोळशाची लहानशी भट्टी, भात्याचा श्वास, आणि झिलई वितळली की सांडशीनं धरून, रसरसलेला, तसाच बाहेर. कामो नदीतले काळपट दगड दळून त्या झिलईत घालतात. वितळलेल्या दगडाला एकाएकी गार वारा लागतो आणि त्याची रात्र होते. सांडशीच्या पकडीचा व्रण वाडग्याच्या अंगावर राहतो. तो कुणी झाकत नाही.

१५९१ मध्ये सत्ताधीश हिदेयोशीच्या आज्ञेनं रिक्यूंना स्वतःचा प्राण द्यावा लागला. इतिहास तिथे थांबून राहतो. माझं मन मात्र त्या दरबारात रमत नाही. ते चोजिरोच्या भट्टीपाशी जातं, जिथे एक माणूस एका वाडग्यासमोर बसला आहे आणि त्या वाडग्याची वेळ भरली का, एवढंच पाहतो आहे. त्याच्या घराण्याची आज सोळावी पिढी आहे, आणि तिथे पणजोबांनी साठवून ठेवलेली माती पणतू मळतो. ज्याला आपण कधी पाहणार नाही त्याच्या हातांसाठी माती मुरत ठेवायची! एवढा धीर ज्यांच्याकडे आहे त्यांनीच अर्ध्या घटकेत भाजून निघणारं भांडं जगाला द्यावं, याचं मला अजून नवल वाटतं.

१९११ मध्ये तोक्योतल्या एका बागेत, मित्रमंडळींच्या मेळाव्यात, बर्नार्ड लीच या तरुण इंग्रज चित्रकारानं एका भांड्यावर सहज चित्र काढलं. कुणीतरी ते झिलईत बुडवलं, शेजारच्या उचलत्या भट्टीत ठेवलं, आणि थोड्या वेळानं ते लालभडक होऊन सांडशीतून बाहेर आलं. लीचचं उरलेलं आयुष्य मातीत गेलं. त्याचं पुस्तक वाचून १९६० मध्ये कॅलिफोर्नियात कुंभार पॉल सोल्डनरनं भट्टी बांधली आणि तापलेलं भांडं वाळक्या पानांत लोळवलं. धुरानं त्या झिलईवर जे काही केलं त्यातून एक वेगळीच वाट फुटली. आज जगभर परसापरसांतून चालतं ते राकू बहुतेक याच धुराच्या वाटेचं. क्योतोच्या वाडग्याला पानांचा धूर लागत नाही. दोन्हींमध्ये सारखी आहे ती फक्त एक घटका: भट्टी उघडते, आणि आतलं भांडं अजून उजेडच असतं.

त्या घटकेसाठी मी भट्टी बांधायला घेतली.

पिंप पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं. दोनशे लिटरचं, कधीकाळी खाद्यतेल वाहिलेलं, अंगाला पोचे, कडेला गंजाचे तांबूस ओघळ. वेल्डरनं ते अर्ध्यावर कापलं. ग्राइंडरच्या ठिणग्या संध्याकाळच्या अंधारात कमानी करून पडत होत्या, आणि मला वाटलं, या पत्र्याला विस्तवाची ओळख आतापासूनच होते आहे. वरच्या बाजूला पंजा मावेल एवढं धुरांडं, खाली कडेला बर्नरपुरतं भोक, दोन्ही अंगांना लांब मुठी. कारण ही भट्टी उघडायची नसते, उचलायची असते. दोघांनी मुठींना धरून टोपी सरळ वर घ्यायची, की विटांच्या जोत्यावरची भांडी रात्रीच्या हवेत उघडी.

मग अस्तर. सिरॅमिक ब्लँकेट इंचभर जाड, पांढरंशुभ्र, हातात घेतलं तर वजन जाणवू नये इतकं हलकं, आणि तरी १२६० अंशांची धग सोसणारं. त्याचे तंतू छातीत जाऊ नयेत म्हणून तोंडानाकावर घट्ट मास्क, पुऱ्या बाह्या, आणि कापण्याआधी पाण्याचा हलका शिडकावा. तरीही उन्हाच्या तिरिपेत एखादा तंतू चमकून जायचाच, आणि मी श्वास धरायची. दोन थर पत्र्याला धरून राहावेत म्हणून मातीची चपटी बटणं केली, भाजली, आणि तपकीर गल्लीतून आणलेल्या नायक्रोमच्या तारेनं ती एकेक करून ओवली. आतून बटण, बाहेरून पीळ, पुन्हा आतून. गोधडी शिवताना सुई थरांतून बोटाला लागेपर्यंत जाते आणि परत फिरते, तसं ते काम होतं. तीच लय, पाठीत तोच गोड ठणका.

जाड विटांची भट्टी आधी स्वतः तापते. पोटभर धग पिते, मग भांड्यांना देते, आणि विस्तव विझल्यावरही दिवसरात्र ऊब सांभाळून बसते. ही पांढरी भिंत काहीच ठेवून घेत नाही. आलेली आच ती आतल्या आत परतवते, आणि ज्योत गेली की तिच्या मनात काही उरत नाही. आत नऊशे अंश पेटलेले असताना पत्र्यापासून दोन वितींवर तळहात धरून उभं राहता येतं. एवढ्या पातळ पदराआड एवढा मोठा जाळ! पहिल्यांदा तसा हात धरला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी घर बांधलेलं नाही. एक आडोसा केला आहे, फक्त थोड्या वेळापुरता.

सगळ्यात जास्त वेळ मी डोळ्याला दिला. भट्टीच्या अंगाला आत पाहण्यासाठी जे भोक पाडतात त्याला आम्ही डोळाच म्हणतो. ते पाडायला वेल्डरला क्षणही लागला नसता. मीच त्याला थांबवून ठेवलं. खाली पाडलं तर नुसती ज्योत दिसेल, वर पाडलं तर नुसता झळाळ. भांड्याचा ओठ जिथे येईल तिथे तो हवा होता, थोडा तिरपा, म्हणजे काठावरून नजर उतरून पोटापर्यंत पोहोचेल. रिकाम्या पिंपात एक वाडगा ठेवून, गुडघ्यांवर बसून, मी पत्र्याला बाहेरून खडूनं खूण केली, पुसली, पुन्हा केली. कुठून पाहायचं हे ठरवण्यातच बरंचसं पाहणं होऊन जातं की काय कोण जाणे. त्या दुपारी परसात कावळे ओरडत होते, जांभळाची पानं गळत होती, आणि मला तो वाडगा अजून न लागलेल्या उजेडात दिसू लागला होता.

झिलईच्या कृती मी निर्मला पटवर्धनांच्या कुंभारकामाच्या हँडबुकाशेजारी बसून जुळवल्या. एक पांढरी, तडकणारी, एक तांब्याची. मातीत भाजलेल्या खापराची भरड भरपूर घातली, कारण राकूची माती घट्ट विणीची असून चालत नाही. तिच्या कणाकणांत थोडी मोकळीक लागते; नाहीतर एवढी धग आणि लगेच एवढा गारवा ती सोसू शकत नाही. चिवट, गुळगुळीत, सुंदर माती इथे आधी फुटते.

पौषातली संध्याकाळ. झाडांपासून दूर, मोकळ्या जागेत जोतं. बर्नर असा तिरपा लावलेला की ज्योत भांड्यांवर थेट जाऊ नये, भिंतीला टेकून वळावी, फेर धरत वर चढावी. भाच्यानं गॅस सोडला, मी काडी लावली, आणि घोंऽऽ असा एक अखंड खर्ज त्या संध्याकाळीत बसला. शेजारच्या शेतातले रातकिडे त्यात बुडाले, आमचं बोलणं बुडालं, आणि मग हळूहळू तो खर्ज इतका सवयीचा झाला की तीच शांतता वाटू लागली. थोड्या वेळानं पाहते तो सिलिंडरच्या अंगावर दव आलेलं, दवाचं पांढरं हिव झालेलं. आतला द्रव वायू होताना स्वतःच्याच अंगाची ऊब घेऊन जातो, म्हणून. भाच्यानं पाण्याचं घमेलं आणून सिलिंडर त्यात ठेवला. दोन हातांच्या रबरी नळीच्या एका टोकाला हिवाळा आणि दुसऱ्या टोकाला वणवा.

मी डोळ्यापाशी बसले, वेल्डिंगची गडद काच समोर धरून.

आधी काहीच नाही. मग पाचशेच्या पुढे कुठेतरी, अंधार अंधारच राहून जरासा उष्ण दिसू लागतो. रंग आहे असं म्हणवत नाही, नाही असंही म्हणवत नाही. ५७३ अंशांवर मातीतले गारगोटीचे कण एका झटक्यात फुगतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण हाताला ठाऊक असतं, म्हणून तिथे ज्योत आवरून धरायची, त्या कणांना कूस बदलू द्यायची. मग जांभळट तांबडा. मग पिकल्या डाळिंबाचा. मग आठशे ओलांडल्यावर लाल पातळ होत जातो, त्यात पिवळं मिसळतं, केशर चढतं, झिलईचे बुडबुडे उठतात, पृष्ठभाग नारिंगाच्या सालीगत खडबडतो, उकळतो, आणि मग एकेक बुडबुडा निवत जाऊन सगळ्या अंगावर ओलसर, आरशासारखी झाक पसरू लागते; आणि ती पसरत असतानाच भोवतालची भिंत, खालची फरशी, मधली पोकळी आणि वाडग्यांच्या कडा हे सगळं एकाच रंगाचं, एकाच तेजाचं होत जातं.

आणि भांडी दिसेनाशी होतात.

ती तिथेच असतात. पण एरवी आपण वस्तू पाहतो ती तिच्यावर पडलेल्या उजेडामुळे आणि तिच्या पाठीशी असलेल्या सावलीमुळे. इथे उजेड कुणावर पडत नाही. प्रत्येक वस्तू स्वतःच उजेड आहे, आणि सगळ्यांचा उजेड सारखा, तर मग कोण कुणाहून वेगळं दिसणार? माती असो, दगड असो, लोखंड असो, एका आचेला पोहोचलं की सगळे एकाच लालीनं उजळतात, हे टॉमस वेजवुडनं १७९२ मध्येच नोंदवलं होतं. तो प्रसिद्ध कुंभार जोसाया वेजवुडचा मुलगा. भट्ट्यांच्या सोबतीनं वाढलेल्या घरात हे दिसायचंच. मी हे वाचलं होतं. पण वाचलेलं ज्ञान वेगळं, आणि दोन पावलांवर आपलाच वाडगा, ज्याच्या काठावर आपल्या अंगठ्याचा दाब आहे, तो उजेडात विरघळताना पाहणं वेगळं. सावली नाही, कड नाही, आकार नाही. जन्माच्या घटकेला मडकं मडकं नसतंच.

मी किती वेळ पाहत होते, कळलं नाही. भाचा म्हणाला, "आत्या, झालं ना?"

गॅस बंद. खर्ज तुटला, आणि रातकिडे एकदम परत आले. आम्ही चामड्याचे हातमोजे घालून मुठी धरल्या, एकमेकांकडे पाहिलं, एक श्वास, आणि टोपी वर. ती थंड रात्र धावत आत आली, आणि वाडगे पुन्हा वाडगे झाले. आधी ओठ काळवंडला, तो पातळ म्हणून, मग खांदा, पोटातला उजेड सगळ्यात शेवटपर्यंत राहिला, आणि त्या आतल्या उजेडाभोवती बाहेरची काळी रेघ चढत गेली. आकार म्हणजे उजेडाला लागलेली कड, एवढंच मला त्या वेळी वाटलं, आणि अंगावर काटा आला. सांडशीत पहिला वाडगा आला तेव्हा तो किणकिणत होता. झिलई आकसत होती, तडकत होती, टिण्, टिण्, टिटिण्, आणि प्रत्येक टिण् बरोबर तिच्या अंगावर एक केसाएवढी वाट उघडत होती.

पत्र्याच्या डब्यात सागाची, आंब्याची वाळकी पानं आणि भुसा भरून ठेवला होता. वाडगा टेकला मात्र, भडका माझ्या कमरेएवढा उठला. झाकण. भडक्याला हवा मिळेना, तेव्हा त्यानं ती झिलईतूनच ओढून घेतली. तांब्याच्या भस्मातला प्राणवायू गेला आणि तांबं उरलं, धातूचं, लखलखीत, मध्येच मोरपिशी, मध्येच शेंदरी. पांढऱ्या झिलईच्या प्रत्येक वाटेत काजळ उतरलं. तो तांब्याचा रंग कायमचा नाही. देवघरातलं तामण चिंचेनं उजळलं तरी हवेनं पुन्हा मंदावतं. धातू तोच, हवाही तीच, आणि काही वर्षांनी त्या वाडग्यावर हिरवट सावट येईल. येऊ दे. जो रंग टिकणार आहे अशी खात्री असते त्याच्याकडे इतकं निरखून कोण पाहतं?

मी ज्यांच्याकडून लाल माती घेते त्या कुंभारवाड्यातल्या मावशी पुढच्या खेपेला आल्या. पदरात चार बोळकी, त्यांच्याच हातची, बिनझिलईची, लीद घातलेल्या मातीची. आदल्या खेपेचा वाडगा त्यांनी उचलला, उलटा केला, बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला. त्याचा आवाज बद्द येतो. घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तिथल्या जोर्वे पद्धतीच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या लाल खापऱ्या अजून धातूच्या नादानं खणखणतात; माझा वाडगा त्यांच्यापुढे मुका. मावशींनी विचारलं, "पाणी राहतं का यात?"

"नाही मावशी, झिरपतं. आणि झिलईत तांबं आहे, खाण्यापिण्यालाही चालत नाही."

"झिरपायलाच पाहिजे की. न झिरपणारा माठ कसला?" त्या म्हणाल्या, आणि वाडगा खाली ठेवला तो मोठ्या मायेनं.

त्यांची बोळकी भट्टीतून काढली तेव्हा एकही तडकलं नाही. लीद जळून गेलेल्या त्या मातीत श्वास घ्यायला जागाच जागा. पानांतून बाहेर आली ती काळीभोर, आतपर्यंत, मऊ चकाकीची. मावशींना याचं काहीच नवल वाटलं नाही. "धूर कोंडला की काळं येतंच. माझा सासरा शेवटाला ओला पाला टाकून आवा लिंपून घ्यायचा." नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत लोहयुगातली भांडी मिळाली आहेत, आतून आणि ओठाशी काळी, बाहेरून खाली लाल, एकाच भांड्यात कोंडलेला धूर आणि मोकळी हवा. कॅलिफोर्नियातल्या त्या पानांच्या धुराचे इतके जुने सगेसोयरे आपल्याच मातीत झोपलेले आहेत, हे मला मावशींच्या एका वाक्यानं जाणवलं, आणि फार बरं वाटलं.

पण ती बोळकी आत असताना काय झालं ते सांगायचं राहिलं. मी त्यांच्या हातात गडद काच दिली. त्या वाकल्या, डोळ्याला डोळा लावला. ज्यांनी लग्न झाल्यापासून आवे लावले, राखेच्या रंगावरून आणि धुराच्या वासावरून आतलं सगळं ओळखलं, त्या बाईच्या चेहऱ्यावर ती केशरी तिरीप पडली होती. खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग मान न वळवता म्हणाल्या, "मडकी कुठायत?"

"आतच आहेत, मावशी."

"हां," त्या म्हणाल्या. आणि पाहत राहिल्या.

जाताना त्यांनी पिंपाभोवती एक फेरी घातली. रुंदी दोन्ही हातांनी जोखली, उंची कमरेला लावून पाहिली, आणि नाक मुरडलं. यात माठ मावायचा नाही. अर्ध्यावर कापायची काय गरज होती? उरलेलं अर्धं कुठे आहे? ते जांभळाखाली पालथं पडलं होतं. ते यालाच जोडा, त्या म्हणाल्या, मी एक माठ आणते. बाहेर नाही काढायचा, एवढं मोठं भांडं फुटेल, निवेपर्यंत आतच राहू दे, मला नुसता बघायचा आहे.

आता ते उरलेलं पिंप वेल्डरकडे गेलं आहे. जास्तीचं ब्लँकेट आणलं, नवी बटणं वाळत आहेत, समोरच्या बाजूनं दुसरा बर्नर लागेल असा हिशेब आहे, आणि एवढी जड टोपी दोघांना उचलवणार नाही म्हणून भाचा विहिरीवरची जुनी कप्पी उतरवून तेलपाणी करतो आहे. परवा मावशींचा फोन आला. माठ वाळतोय, थापटून झालाय, अमावास्येच्या आत भट्टी लावू, म्हणाल्या. आणि मग, ठेवता ठेवता,

"ताई, डोळा तेवढा माझ्या उंचीला करा. मागच्या खेपेला वाकून वाकून कंबर धरली."